‘यूएसबी डिव्हाइस नॉट रेकग्नाइज्ड’ : अंगठ्याचं मशीन दिवसातून वीसदा गायब

चावडीकोपरा | सोमवार, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिलाच. मोबाईलवरून टंकतोय, शुद्धलेखन सांभाळून घ्या.

गावात माझं सेवा केंद्र आहे. सध्या दाखल्यांची झुंबड, जोडीला पीएम किसानची ई-केवायसी, म्हणजे दिवसभर अंगठेच अंगठे. आणि नेमकं अंगठ्याचं मशीन रुसलंय. दिवा लागतो, माणूस अंगठा टेकवतो, कॉम्प्युटर ‘टुं-डुं’ करतो आणि खाली उजवीकडे पाटी येते, यूएसबी डिव्हाइस नॉट रेकग्नाइज्ड. वायर काढून परत लावली की सुरू. कधी चार जण सुरळीत जातात, कधी एकाच माणसाला पाच वेळा तेच. बाहेर रांग, आत मी टेबलाखाली.

आतापर्यंत ड्रायव्हर काढून परत टाकला, आरडी सर्व्हिस (अंगठ्याचं मशीन आधारशी जोडणारं सॉफ्टवेअर) परत टाकली, अँटिव्हायरस बंद करून पाहिला. तालुक्याच्या दुरुस्तीवाल्याने विंडोज नवी टाकली, सातशे रुपये घेतले, दोन दिवसांत येरे माझ्या मागल्या. आता तो मदरबोर्ड बदला म्हणतोय. बदलू का?

असेंबल केलेला डेस्कटॉप, विंडोज १०. लेझर प्रिंटर, वेबकॅम आणि चार तोंडांचा हब आहे. मेमध्ये नव्या गाळ्यात आलो, तोवर हेच सगळं सामान दोन वर्षं बिनतक्रार चाललं होतं.

निळापोर्ट | सोमवार, रात्री ११.१५

मदरबोर्ड बदलू नका. विंडोज टाकायचीही गरज नव्हती, पण ते सातशे गेले ते गेले.

हार्डवेअर दुरुस्तीच्या धंद्यात आहे म्हणून जरा सविस्तर लिहितो. यूएसबी २ च्या वायरीत चारच तारा. लाल म्हणजे ५ व्होल्ट, काळी ग्राउंड, पांढरी आणि हिरवी डेटाच्या. मशीन जोडलं की ते डेटाच्या एका तारेला दीड किलोओहमच्या रेझिस्टरने वर खेचतं. त्यावरून कॉम्प्युटरला कळतं की दारात कोणीतरी आलंय. मग तो विचारतो, ‘कोण आपण?’ मशीन आपली ओळख सांगतं, त्यात कंपनीचा नंबर व्हीआयडी आणि वस्तूचा नंबर पीआयडी. हे कळल्यावर विंडोज त्या नावाचा ड्रायव्हर शोधायला जाते.

तुमची पाटी म्हणते की दारात कोणीतरी आलं, पण नाव नीट ऐकू आलं नाही. म्हणजे गाडी ड्रायव्हरपर्यंत पोचलेलीच नाही. ड्रायव्हर दहा वेळा टाकून काय होणार? ड्रायव्हरच नसता तर नाव दिसलं असतं, पिवळं उद्गारचिन्ह दिसलं असतं आणि कोड २८ आला असता.

आणि दिवा लागतो याचा अर्थ फक्त लाल आणि काळी तार शाबूत आहे. बाकीच्या दोघींबद्दल दिवा काहीही सांगत नाही.

आता सांगा. पाटी येते तेव्हा डिव्हाइस मॅनेजरमध्ये काय नाव आणि कोणता कोड दिसतो? मशीन हबवर आहे की थेट? पुढच्या पोर्टात की मागच्या?

ताकभात | सोमवार, रात्री ११.३१

लिनक्स टाका. (पळतो.)

चावडीकोपरा | मंगळवार, सकाळी ९.०५

@निळापोर्ट, धन्यवाद दादा. ‘अननोन यूएसबी डिव्हाइस, डिव्हाइस डिस्क्रिप्टर रिक्वेस्ट फेल्ड’, कोड ४३. डिटेल्समध्ये हार्डवेअर आयडी बघितला, तिथे व्हीआयडी_०००० आणि पीआयडी_०००२ असं आहे. मशीन हबवर, हब पुढच्या पोर्टात. गिऱ्हाईक समोर बसतं म्हणून मधे दीड मीटरची जोडवायरही आहे.

निळापोर्ट | मंगळवार, सकाळी ९.४०

शून्यं म्हणजे खरा नंबर नव्हे. नाव कळलंच नाही म्हणून विंडोजने स्वतः भरलेला रकाना आहे तो.

जोडवायर, वर हब, वर पुढचं पोर्ट. तिन्ही संशयित तुम्ही एका रांगेत उभे केलेत की. पुढची पोर्टं कॅबिनेटच्या आतून एका बारीक वायरीने मदरबोर्डला जोडलेली असतात, स्वस्त कॅबिनेटमध्ये ती वायर म्हणजे नुसता उपचार. हबला स्वतःचा अडॅप्टर नसेल तर यूएसबी २ च्या एका पोर्टाचे ५०० मिलीअँपिअर त्याच्यावरच्या सगळ्यांत वाटले जातात. वेबकॅम चालू झाला की अंगठ्याचं मशीन उपाशी.

मशीन स्वतःच्या वायरीने थेट मागच्या काळ्या (म्हणजे यूएसबी २ च्या) पोर्टात लावा. मधे काही नको. अर्धा दिवस तसंच चालू द्या. फरक पडला नाही तर पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड (रिकामं बसलेलं उपकरण झोपवायची सोय) बंद करा, डिव्हाइस मॅनेजरमध्ये रूट हबच्या पॉवर मॅनेजमेंटमधली ‘वीज वाचवायला हे उपकरण बंद करू दे’ वाली खूण काढा. परत अर्धा दिवस. एका वेळी एकच बदल. सगळं एकदम केलंत आणि चालू झालं तर कशाने झालं ते तुम्हालाही कळणार नाही आणि मलाही.

जास्वंदी | मंगळवार, सकाळी १०.२०

एका वेळी एकच बदल याला शंभरदा अनुमोदन. मी पुण्यात डीटीपी करते. आमच्या सॉफ्टवेअरला यूएसबी डाँगल लागतं, ते दिसलं नाही तर फाइल उघडतच नाही. गेल्या वर्षी दिवाळी अंकाची एकशे साठ पानं अंगावर आणि डाँगल गायब. घाबरून मी पोर्ट बदललं, ड्रायव्हर बदलला, मशीन बंद करून प्लग काढून ठेवला, सगळं एका दमात. चालू झालं. महिन्याने परत गेलं, तेव्हा परत सगळंच्या सगळं करावं लागलं!

शेवटी कळलं ते इतकंच की नव्या मशीनच्या निळ्या (यूएसबी ३ च्या) पोर्टात ते म्हातारं डाँगल बिचकतं, काळ्यात शांत असतं. आता त्या काळ्या पोर्टाला नेलपॉलिशचा ठिपका लावलाय आणि तिथे दुसरं काही लावणाऱ्याला चहा मिळत नाही.

आबा_डोंबिवली | मंगळवार, दुपारी १२.०२

धाग्यात घुसतो, क्षमस्व. नातवाच्या मुंजीचे फोटो असलेला पेनड्राइव्ह लावला की आवाज येतो, पण ‘धिस पीसी’त दिसत नाही. लेकीकडच्या लॅपटॉपवर लावला तर ‘फॉरमॅट करायचं का?’ विचारतो. हो म्हणू का?

निळापोर्ट | मंगळवार, दुपारी १२.१०

आबा, हात मागे घ्या! हो म्हणायचं नाही. कामं सोडून आधी हे लिहितोय.

तुमचा प्रकार निराळा आहे. आवाज आला म्हणजे ओळखपाळख बहुधा झाली, घोळ पुढे आहे. स्टार्टवर उजवी क्लिक करा, डिस्क मॅनेजमेंट उघडा. खालच्या भागात पेनड्राइव्ह दिसतोय का बघा. दिसत असेल आणि फक्त अक्षर नसेल तर उजवी क्लिक करून ड्राइव्हला अक्षर द्या, झालं काम. फाइल सिस्टिमच्या नावाऐवजी ‘रॉ’ लिहिलं असेल तर ती बिघडलीय, पण फोटो बहुतेक करून आतच असतात. अशा वेळी त्यावर काहीही लिहू नका, दुरुस्ती करतो म्हणणारी चेकडिस्कही चालवू नका. फोटो परत काढणारं सॉफ्टवेअर चालवायचं आणि निघालेले फोटो दुसऱ्याच डिस्कवर उतरवायचे. ‘नो मीडिया’ असं दिसलं तर मात्र आतल्या कंट्रोलरला मेमरी सापडत नाहीये, ते घरगुती उपायांनी होत नाही.

आबा_डोंबिवली | मंगळवार, दुपारी ४.५०

रॉ होतं. जावयाने बसून काढले. ४१२ पैकी ३९७ फोटो आले. मातृभोजनाचे सगळे आले. आपले उपकार आहेत.

ताकभात | मंगळवार, संध्याकाळी ५.१५

आबा, आता त्या फोटोंच्या दोन प्रती करा. पेनड्राइव्ह ही फोटो नेण्याची पिशवी आहे, कपाट नव्हे.

@चावडीकोपरा, कालची मस्करी सोडा, पण लिनक्सची पेनड्राइव्ह लावून त्यावरून मशीन चालू करून बघा, इन्स्टॉल करायची गरज नाही. टर्मिनलमध्ये डीमेसेज ही आज्ञा दिली की ‘डिव्हाइस डिस्क्रिप्टर रीड, एरर -७१’ किंवा ‘-११०’ असं काहीतरी दिसेल. -७१ म्हणजे बोलणं मोडकंतोडकं ऐकू येतंय, -११० म्हणजे वाट पाहून थकलो. तिथेही तीच बोंब असेल तर विंडोज निर्दोष सुटली.

गोठ्यातला_इंजिनिअर | मंगळवार, रात्री ९.३०

आमच्या दूध संकलन केंद्रावर काटा आणि फॅट मशीन दोन्ही सिरीयलची, म्हणून यूएसबी कन्व्हर्टर लावून घेतलेत. पोरगं झाडलोट करताना वायरी काढतं आणि मिळेल त्या भोकात घालतं. मग संध्याकाळी काटा दिसत नाही म्हणून बोंबाबोंब, आणि कॅनवाले ताटकळत.

कन्व्हर्टरच्या चिपमध्ये स्वतःचा सिरीयल नंबर नसेल तर विंडोज प्रत्येक भोकाला नवा कॉम नंबर (सिरीयल पोर्टाचा क्रमांक) देते. सॉफ्टवेअर कॉम ३ वर कान लावून बसलेलं आणि काटा कॉम ७ वर ओरडतोय. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पोर्ट सेटिंग्जच्या अ‍ॅडव्हान्समध्ये जाऊन नंबर परत ३ करता येतो. नाहीतर ताईंसारखं नेलपॉलिश.

निळापोर्ट | मंगळवार, रात्री ९.५२

यात एक गंमत आहे. २०१४ मध्ये अशाच कन्व्हर्टर चिपा बनवणाऱ्या एका कंपनीचा नवा ड्रायव्हर विंडोज अपडेटमधून आला आणि त्याने नकली चिपांचा पीआयडी चक्क शून्य करून टाकला. लोकांच्या चालत्या वस्तू एका रात्रीत अनोळखी झाल्या. विकत घेताना वापरणाऱ्याला कुठे माहीत होतं आतली चिप नकली आहे ते. बोंब झाल्यावर तो ड्रायव्हर मागे घेतला.

चावडीकोपरा | बुधवार, रात्री ८.४५

दोन दिवसांचा हिशोब देतो.

थेट मागच्या पोर्टात लावलं, थोडा फरक पडला. आधी वीसदा जात होतं, आता आठ-दहादा. सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद करून काही फरक नाही. हब काढून ठेवलाय. शेजारच्या केंद्रावरून त्याच कंपनीचं दुसरं मशीन आणलं, तेही माझ्याकडे आल्यावर जातं. माझं त्याच्याकडे दिवसभर व्यवस्थित चाललं! म्हणजे मशीन आणि वायर दोन्ही निर्दोष. आता मदरबोर्डच राहिला ना?

वैताग असा की मी तपासायला बसलो की काहीच होत नाही. काल रात्री दुकान बंद करून माझाच अंगठा चाळीस वेळा लावला, एकदाही गेलं नाही. सकाळी पहिल्याच आजी आल्या, अंगठा ठेवला, टुं-डुं. आजी म्हणाल्या, ‘बाबा, तुझं यंतर मला चावतंय.’ सगळे हसले.

फ्यूजवायर | बुधवार, रात्री ९.२०

हसू नका. आजींनी निदान केलंय.

तुमच्याकडे गिऱ्हाईक चपला कुठे काढतं?

चावडीकोपरा | बुधवार, रात्री ९.२४

दाराबाहेर. आत नवी फरशी आहे, पावसात चिखल होतो म्हणून पाटीच लावलीय. का हो?

फ्यूजवायर | बुधवार, रात्री ९.५५

आणि तुम्ही आत चप्पल घालून, प्लास्टिकच्या खुर्चीत. बरोबर?

मी वीज खात्यातून निवृत्त झालेला माणूस, कॉम्प्युटरमधलं फार कळत नाही, पण हे दुखणं ओळखीचं आहे. तुमच्या नव्या गाळ्यात अर्थिंग नाही.

कॉम्प्युटरच्या एसएमपीएसमध्ये (आतल्या वीजपुरवठ्याच्या डब्यात) लाइनपासून एक आणि न्यूट्रलपासून एक असे दोन बारके कपॅसिटर कॅबिनेटच्या पत्र्याला जोडलेले असतात. विजेतली खरखर अर्थिंगमध्ये सोडून द्यायला. अर्थिंग असेल तर पत्रा शून्यावर राहतो. नसेल तर तो त्या दोघांच्या मधे लोंबकळतो, २३० च्या निम्म्यावर, म्हणजे ११५ च्या आसपास. प्रवाह अगदी मिलीअँपिअरच्या पट्टीतला, म्हणून माणूस पडत नाही, झिणझिण्या येतात. यूएसबीची काळी तार आणि वरची जाळी त्याच पत्र्याला जोडलेली. म्हणजे अंगठ्याचं मशीनही तितकंच वर लोंबकळतंय.

आता ओल्या फरशीवर अनवाणी उभा माणूस त्याच्या कडेला बोट टेकवतो. त्याच्यातून जमिनीकडे वाट झाली. त्या क्षणी धक्का बसतो तो माणसालाही आणि वायरीतल्या बोलण्यालाही. तुम्ही चप्पल घालून प्लास्टिकवर बसता, वाट पुरी होत नाही, चाळीस वेळा लावा नाहीतर चारशे.

निळापोर्ट | बुधवार, रात्री १०.०८

काका, साष्टांग. हायस्पीड यूएसबीत डेटाचा सिग्नल साधारण ०.४ व्होल्टचा असतो. त्याच्या खाली शंभरेक व्होल्टची जमीन हलायला लागली तर कोड ४३ नाही येणार तर काय येणार. आणि मी तीन दिवस हबच्या मागे लागलो होतो.

@चावडीकोपरा, उद्या एखादा लॅपटॉप आणा. चार्जर काढून, नुसत्या बॅटरीवर, त्याला मशीन लावा. प्रिंटर जोडू नका. बघा काय होतं.

ताकभात | बुधवार, रात्री १०.३०

साधा उपाय, अर्थची वायर नसेल तर बोर्डातच न्यूट्रलला जोडून द्यायची. आमच्याकडे वायरमन तसंच करतो.

फ्यूजवायर | बुधवार, रात्री १०.३४

चुकूनसुद्धा नाही! मागे कुठे न्यूट्रल तुटला तर पूर्ण २३० व्होल्ट तुमच्या कॅबिनेटवर येतात. झिणझिण्यांच्या जागी मयत. असं करून ठेवलेलं असेल तर उद्याच काढून घ्या आणि त्या वायरमनला परत बोलावू नका.

ताकभात | बुधवार, रात्री १०.४१

चूक कबूल. घरी जाऊन बोर्ड उघडवतो. वरचा सल्ला कोणी वापरू नका.

चावडीकोपरा | गुरुवार, दुपारी ३.१०

भाचीचा लॅपटॉप, बॅटरीवर. सकाळपासून तेवीस माणसं, सगळी अनवाणी. एकदाही गेलं नाही.

डेस्कटॉपच्या मागच्या स्क्रूला टेस्टर लावला. पेटला.

फ्यूजवायर | गुरुवार, दुपारी ३.३०

टेस्टर नुसत्या आभासानेही पेटतो, त्यावर थांबू नका. मीटरवाला माणूस बोलवा, स्वतः बोर्ड उघडू नका. भिंतीतल्या सॉकेटमध्ये लाइन ते अर्थ आणि न्यूट्रल ते अर्थ मोजायला सांगा. लाइन ते अर्थ २३० च्या जवळ आलं पाहिजे, न्यूट्रल ते अर्थ दोन-चार व्होल्ट. शिवाय एक्स्टेन्शन बोर्डाचा प्लग बघा, तिसरी जाडी पिन जागेवर आहे का.

जास्वंदी | गुरुवार, दुपारी ४.१५

हे वाचून माझ्या मशीनच्या मागे बघितलं. तीन पिनांच्या प्लगला दोन पिनांचं अडॅप्टर लावून ठेवलंय, कोणी लावलं देव जाणे. पावसाळ्यात कॅबिनेटला कोपर लागलं की चुरचुरायचं, मला वाटायचं थंडीने अंग शहारतंय. डाँगलची बोंब ऑक्टोबरात, म्हणजे परतीच्या पावसात! आता तो काळ्या पोर्टाचा गुण की कोरड्या हवेचा, कोण सांगणार.

चावडीकोपरा | रविवार, रात्री ९.३०

मंडळी, लागला छडा. उशीर झाला कारण वायरमन शनिवारी मिळाला.

सॉकेटमध्ये लाइन ते न्यूट्रल २३४. लाइन ते अर्थ मोजायला गेला तर आकडा ठरेचना, कधी ४०, कधी १२. कॅबिनेट ते बाहेरची ओली जमीन, ९८ व्होल्ट. सॉकेट उघडलं तर हिरवी वायर आहे, अगदी नीट स्क्रूला लावलेली. तिच्या मागे मागे मीटरपर्यंत गेलो, तिथे तिचं दुसरं टोक टेप गुंडाळून खोचून ठेवलेलं. पुढे काहीच नाही. गाळा बांधणाऱ्याने रंगाचे पैसे घेतले, खड्ड्याचे वाचवले.

मागच्या बाजूला खड्डा खणला, पाइप, कोळसा, मीठ, पाणी. नवी जाड वायर. एकूण साडेतीन हजार. वायरमनने सोबत आरसीसीबीही (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) लावून घ्यायला सांगितलं, तो पुढच्या महिन्यात. एक्स्टेन्शन बोर्डाची जाडी पिनही मोडलेली निघाली, बोर्डच फेकला. आता लाइन ते अर्थ २३१, न्यूट्रल ते अर्थ अडीच, कॅबिनेट शून्याच्या आसपास.

आज रविवार असूनही दुपारी केंद्र उघडलं. हब परत लावला, जोडवायर परत लावली, सगळे जुने संशयित पुन्हा जागेवर. अकरा जण झाले. एकदाही नाही.

तालुक्याच्या दुरुस्तीवाल्याला फोन केला. तो म्हणाला, मग त्या विंडोजचं काय करायचं. म्हटलं राहू दे.

निळापोर्ट | रविवार, रात्री ९.४४

झकास. पण जोडवायर काढाच. आज चालतेय, पुढच्या पावसाळ्यात तिची पिन गंजेल आणि परत धागा वर येईल.

@फ्यूजवायर, दुकानात आता कोड ४३ वालं गिऱ्हाईक आलं की पहिला प्रश्न चपलांचा विचारणार आहे.

फ्यूजवायर | रविवार, रात्री १०.०२

खड्ड्यात उन्हाळ्यात बादलीभर पाणी ओतत जा, माती कोरडी पडली की अर्थिंग ढिलं पडतं. त्या आजी परत आल्या का?

चावडीकोपरा | सोमवार, दुपारी १.२०

आल्या, आत्ताच गेल्या. बोट लावायला तयारच नव्हत्या, आधी मला लावून दाखव म्हणाल्या. मी चप्पल काढून, फरशीवर उभा राहून लावून दाखवलं. मग त्यांनी लावलं. मशीन जागेवर, आवाज नाही, पाटी नाही. पण आजींचा अंगठा जुळेना, खुरपून खुरपून रेषाच राहिल्या नाहीत. उजवा गेला, डावा गेला, तर्जनी गेली. शेवटी डाव्या हाताच्या अनामिकेवर झालं.